काळ्या पाषाणाच्या पोकळीतील गारगोटी

नाशिकच्या काळ्या दगडाच्या मूळ घडणीत गारगोटीला स्थान नाही. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याचा संभव आहे. कारण शहराच्या इंदिरानगर भागात वसाहती उभ्या राहण्यापूर्वीचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांच्यापैकी कोणीही सांगेल की, पाथर्डीच्या बाजूच्या माळावर, पांडवलेण्याच्या टेकडीकडून उतरणाऱ्या ओघळींत, अथवा घराचा पाया खणताना निघालेल्या मुरमाच्या ढिगात पांढऱ्या, दुधी, क्वचित जांभळट झाक असलेल्या चकचकीत गारा सर्रास सापडत आणि मुले त्या खिशात भरून घरी आणीत. हे निरीक्षण खरे आहे आणि आरंभीचे विधानही खरेच आहे. या दोहोंचा मेळ कसा बसतो, हे एकदा समजले म्हणजे गारगोटीचा निम्माशिम्मा इतिहास हाती लागतो. आणि तो इतिहास आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या टेकडीतच दडलेला आहे, याची इंदिरानगरच्या बहुसंख्य रहिवाशांना गंधवार्ताही नाही.

गारगोटी म्हणजे खनिजशास्त्राच्या परिभाषेतील क्वार्ट्झ, अर्थात सिलिकॉन आणि ऑक्सिजन या दोनच मूलद्रव्यांचा संयोग. प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर बसलेले असतात, आणि प्रत्येक ऑक्सिजन शेजारच्या दोन चतुष्फलकांत समाईक असल्यामुळे ही सारी रचना तिन्ही दिशांनी अखंड जोडलेली, कोठेही कच्चा दुवा नसलेली अशी होते. अभ्रकाचे जसे पापुद्रे सुटतात, किंवा कॅल्साइट हातोडीखाली जसा ठराविक तिरकस पृष्ठांवर फुटतो, तसे गारगोटीचे होत नाही, त्याचे कारण हेच. ती फुटते ती शिंपल्याच्या आतल्या अंगासारख्या वक्र, धारदार पृष्ठांनी. तिच्या स्फटिकाला मोकळी जागा मिळाली तर तो सहा बाजूंचा स्तंभ होऊन वाढतो आणि माथ्यावर सहा पृष्ठांचे टोक धारण करतो. स्फटिक लहान असो की मोठा, डौलदार असो की वेडावाकडा, स्तंभाच्या लगतच्या दोन पृष्ठांमधील कोन सदैव १२० अंशांचाच भरतो. निकोलस स्टेनो या डेन्मार्कच्या पंडिताने १६६९ साली ही कोनांची अचलता प्रथम निदर्शनास आणली, आणि पुढे स्फटिकशास्त्र नावाची जी भव्य इमारत उभी राहिली, तिचा पाया या साध्या मोजणीवर घातला गेला.

आता काळ्या दगडाकडे वळू. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी पश्चिम भारतात भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडून लाव्ह्याचे थरावर थर पसरले, आणि त्यांतून दख्खनचे ते विस्तीर्ण पाषाणपठार निर्माण झाले, ज्याचे आजचे अवशिष्ट क्षेत्रही जवळजवळ पाच लक्ष चौरस किलोमीटर भरते. पांडवलेणे, चामरलेणे, रामशेज, ब्रह्मगिरी हे सारे त्याच पाषाणाचे झिजून उरलेले अवशेष होत. या काळवत्री दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, सिलिका वजनाने जवळजवळ निम्मी असते. परंतु लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम ही मूलद्रव्ये त्यात इतकी विपुल असतात की, लाव्हा थिजताना पायरॉक्सीन आणि फेल्डस्पार ही खनिजे घडवण्यातच ती सिलिका खर्ची पडते आणि स्वतंत्र गारगोटी बनण्यासाठी शिल्लक म्हणून काही उरत नाही. ग्रॅनाइटची गोष्ट निराळी. त्यात सिलिका आवश्यकतेहून अधिक असल्यामुळे उरलेली सिलिका थेट वितळलेल्या शिलारसातूनच गारगोटी होऊन थिजते. गडचिरोली, भंडारा, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत जेथे दख्खनच्या पाषाणाहून कितीतरी पुरातन खडक उघडे पडलेले आहेत, तेथे अशी गारगोटी शिरांच्या आणि कणांच्या रूपाने मुबलक आढळते. नाशिककराला ती पाहावयाची झाल्यास एवढा लांबचा प्रवास करण्याचे कारण नाही; परप्रांतातून आणलेल्या ग्रॅनाइटचा ओटा ज्याच्या स्वयंपाकघरात आहे, त्याने त्याची न घासलेली कड उजेडात न्याहाळावी, म्हणजे काळ्या-गुलाबी कणांच्या मधोमध राखी, काचेसारखे, निश्चित आकार नसलेले जे कण दिसतील, ती अग्निसंभव गारगोटी होय.

मग इंदिरानगरच्या मुरमातील गारा कोठून आल्या? त्या अग्नीतून आल्या नाहीत, पाण्यातून आल्या. लाव्ह्याचा प्रवाह पसरत असता त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात. वरचा भाग लवकर थिजल्यामुळे ते तेथेच अडकतात, आणि प्रवाहाच्या माथ्याकडचा दगड असंख्य पोकळ्यांनी भरून जातो. अशा सच्छिद्र दगडाला आपल्याकडील विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, आणि पाण्याचा झरा त्यात लागण्याची आशा अधिक असल्यामुळे तो लागला की संतोष पावतात. लाव्हा थिजल्यावर, त्यावर आणखी प्रवाह चढून तो गाडला गेल्यावर, या पोकळ्यांतून आणि भेगांतून कोमट-उष्ण पाणी झिरपू लागले. दगडातील काचमय भाग आणि काही खनिजे त्या पाण्याने हळूहळू कुजवली. कुजताना त्यांनी आपल्यातील सिलिका सोडली. ती पाण्यात विरघळली, पुढच्या पोकळीत गेली, आणि तेथे उष्णता किंवा दाब किंचित बदलताच पोकळीच्या भिंतीवर साचू लागली. तात्पर्य, आपली गारगोटी काळ्या दगडाच्या क्षयातून जन्मली आहे. आईबापांच्या झिजेतून तिचे पोषण झाले, आणि पुढे आईबाप मातीला मिळाले तरी ती टिकून राहिली. कारण बेसाल्ट हवेपाण्याने कुजून त्याची काळी कापसाची जमीन होते, पण गारगोटीला त्या हवेपाण्याचे काही वाटत नाही. शेतात नांगराच्या फाळाला लागून ठिणगी उडवणारी गार त्या शेताच्या मातीहून वयाने थोरली असते ती यामुळे.

पोकळी भरण्याच्या या कामात एक क्रम असतो, आणि तो समजावून घेण्यासारखा आहे. पुष्कळदा भिंतीला प्रथम हिरवट मृण्मय खनिजाचा पातळ लेप बसतो. त्यावर कॅल्सेडनीचा थर चढतो. कॅल्सेडनी म्हणजे गारगोटीच, परंतु तिचे स्फटिक इतके सूक्ष्म आणि तंतुमय की डोळ्यांना केवळ मेणचट, अर्धपारदर्शक पदार्थ दिसावा. थरांचे रंग आलटून पालटून येऊ लागले तर तिलाच अकीक म्हणतात. या पट्ट्या इतक्या नियमित कशा पडतात, याविषयी तज्ज्ञांत अजूनही वाद चालतो. आत थोडी जागा उरली आणि पाण्यातील सिलिकेचे प्रमाण उतरले, म्हणजे साचण्याची घाई कमी होते, आणि मग सावकाशीने वाढणारे, उघड्या डोळ्यांना दिसणारे टोकदार स्फटिक पोकळीच्या मध्याकडे तोंड करून उभे राहतात. सरतेशेवटी, सिलिका ओसरून कॅल्शियम व ॲल्युमिनियमची चलती झाली, म्हणजे त्यावर झिओलाइट कुळातील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांचे गुच्छ, ॲपोफिलाइटचे चौकोनी चकाकते स्फटिक आणि कॅल्साइट येऊन बसतात. हा क्रम सर्वत्र काटेकोरपणे पाळला जातो असे मात्र नव्हे. एखाद्या पोकळीत पाणी दोनदा बदलले असेल तर झिओलाइटवर पुन्हा गारगोटी चढलेली दिसते, आणि एखाद्या पोकळीत केवळ पहिला लेप बसूनच काम थांबलेले असते. फोडलेला गोळा बाहेरून आत वाचीत जावा, म्हणजे लक्षावधी वर्षांच्या पाण्याची दैनंदिनी समोर उलगडते.

पांडवलेण्याच्या परिसरातील दगडखाणी खनिजांच्या अभ्यासकांना परदेशांतही परिचित आहेत, ही गोष्ट आमच्या शहरात थोड्यांनाच ठाऊक असावी. तेथील पोकळ्यांतून ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट आणि गारगोटी यांच्या सोबतीने पॉवेलाइट नावाचे कॅल्शियम व मॉलिब्डेनमचे दुर्मीळ खनिज मोठ्या आणि सुघड स्फटिकांच्या रूपाने निघाले. अतिनील किरणांखाली ते पिवळट तेजाने उजळते, आणि त्याच्या उत्तम नमुन्यांची गणना होते तेव्हा नाशिकचे नाव अग्रभागी असते. जे लेण्यांतील शिलालेख पाहण्यासाठी टेकडी चढले, त्यांना टेकडीचे हे दुसरे दप्तर कोणी दाखवले नाही. सिन्नरला के. सी. पांडे यांनी २००१ साली स्थापन केलेले ‘गारगोटी’ हे खनिजसंग्रहालय आहे. दख्खनच्या पोकळ्यांतून काय काय वैभव निघू शकते, याची खातरजमा ज्यास करावयाची असेल, त्याने तेथे एक दिवस अवश्य खर्च करावा. दख्खनी खनिजांची कीर्ती अर्थात त्याहून जुनी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मार्ग बोरघाटातून १८६३ साली आणि थळघाटातून १८६५ साली खुले झाले. त्यासाठी जे बोगदे खोदले आणि कडे फोडले, त्यांतून निघालेले झिओलाइट व गारगोटीचे गुच्छ साहेबांच्या पेट्यांतून विलायतेस गेले आणि तेथील संग्रहालयांत मानाने विराजमान झाले. सुरुंग लावणारे आणि पाटी वाहणारे हात ज्यांचे होते, त्यांची नोंद कोणत्याही चिठ्ठीवर नाही.

शुद्ध गारगोटी रंगहीन व पारदर्शक असते आणि तिलाच आपण स्फटिक म्हणून गौरवतो. परंतु निसर्गाला शुद्धतेची फारशी हौस दिसत नाही. वाढता वाढता स्फटिकात पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि वायूचे बुडबुडे लाखोंनी कोंडले गेले की प्रकाश विखुरतो आणि गार दुधी दिसते. माळावर सापडणाऱ्या गारा बहुधा या जातीच्या असतात. लोहाचे अत्यल्प अणू सिलिकॉनच्या जागी शिरले आणि त्यावर सभोवतालच्या खडकातील किरणोत्सर्गाचा युगानुयुगे वर्षाव झाला, म्हणजे जांभळा ॲमेथिस्ट होतो. त्याला भट्टीत तापवले की जांभळा रंग उडून पिवळा येतो, आणि बाजारात पुष्कराजाच्या भावाने खपवले जाणारे कित्येक पिवळे खडे हे अशा तापवलेल्या जांभळ्या गारा असतात. लोहाच्या ऑक्साइडने भरलेली अपारदर्शक तांबडी जात म्हणजे जॅस्पर. हिरव्या कॅल्सेडनीवर तांबडे शिंतोडे उडाल्यासारखी दिसणारी जात म्हणजे पाश्चात्त्यांचा रक्तपाषाण, आणि तोही दख्खनच्या खडकात मिळतो. रत्नशास्त्री यांना उपरत्ने म्हणतात, ज्योतिषी त्यांना ग्रह वाटून देतात, परंतु रासायनिक दृष्ट्या ही सारी एकाच घरातील भावंडे आहेत.

गारगोटी ओळखण्याच्या कसोट्या सोप्या आहेत आणि त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. काठिण्याच्या मोह्‌स श्रेणीत हिरा १० वर आणि गारगोटी ७ वर येते. खिडकीची काच साडेपाचाच्या आसपास आणि चाकूचे पोलाद त्याच्या जरा वर. म्हणून चाकूने गारेवर रेघ उमटत नाही, उलट गारेने काचेवर उमटते. झिओलाइट आणि कॅल्साइट हे पांढरेपणाने फसवतात, पण चाकूपुढे दोघेही हार खातात, आणि कॅल्साइटवर लिंबाचा रस टाकला तर तो फसफसतो. गारेचे विशिष्ट गुरुत्व २.६५, म्हणजे ती हातात घेतली असता आसपासच्या काळ्या दगडाहून किंचित हलकी भासते. अंधाऱ्या खोलीत दोन गारा एकमेकींवर जोराने घासल्या असता त्यांच्या आत फिकट प्रकाश चमकतो आणि एक विशिष्ट करपट वास येतो. हा प्रयोग आमच्या पिढीतील मुलांनी पांघरुणाखाली केला नसेल असे घर विरळा. पोलादावर गार आपटून जी ठिणगी पडते ती मात्र गारेची नव्हे. गारेच्या कठीण धारेने खरवडलेला पोलादाचा सूक्ष्म कण हवेत जळतो, त्याची ती असते. आगपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी कनवटीला चकमक बाळगणाऱ्या वाटसरूचा संसार याच कणावर चालत असे.

तीर्थक्षेत्राच्या गावी स्फटिकाची माळ, स्फटिकाचे शिवलिंग आणि श्रीयंत्र यांचा व्यापार चालायचाच. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर येथे तो नित्य चालतो. या जिनसांपैकी कितीतरी निव्वळ काचेच्या असतात, हे सांगणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे. खरा स्फटिक काचेहून उष्णता लवकर वाहून नेतो, म्हणून तो गालाला लावला असता काचेपेक्षा अधिक थंड लागतो आणि तो थंडपणा अधिक वेळ टिकतो. काचेत गोल बुडबुडे दिसतात. स्फटिकात दिसल्याच तर धुक्यासारख्या तिरप्या झिरझिरीत पट्ट्या दिसतात. आणि स्फटिकाचा गोळा पुरेसा मोठा असेल, तर तो केसावर ठेवून हळूहळू फिरवीत वरून पाहावे. एखाद्या दिशेने तो केस दुहेरी दिसू लागतो, कारण स्फटिकात प्रकाशकिरणाचे दोन किरण होतात. काचेचा गोळा कितीही फिरवला तरी केस एकच दिसतो. भक्ताच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. दुकानदाराच्या इमानाविषयी मात्र ग्राहकाने इतकी चौकशी बेलाशक करावी.

मनुष्याने गारगोटीचा उपयोग कधीपासून केला, याचा दाखला नाशिकनेच दिला आहे. डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी १९५०-५१ साली गोदावरीकाठच्या मातीच्या गढीचे उत्खनन केले, आणि त्यांनी शां. भा. देव यांच्या समवेत लिहिलेला नाशिक व जोर्वे येथील उत्खननांचा वृत्तांत १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतून उजेडात आलेल्या जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांपाशी तांबे होते, परंतु ते दुर्मीळ आणि महाग; दैनंदिन कापाकापीचे काम ते कॅल्सेडनीच्या लांबट, सडपातळ, वस्तऱ्यासारख्या धारेच्या पात्यांनी उरकत. त्याही आधीच्या, मध्य पुराश्मयुगातील माणसाने प्रवरेकाठी नेवासे येथे अकीक, जॅस्पर आणि कॅल्सेडनी यांची जी हत्यारे केली, त्यांवरून त्या हत्यारांच्या परंपरेला नेवासी असे नाव पडले. या लोकांनी दगड निवडताना दाखवलेली जाण थक्क करणारी आहे. अवजड कुऱ्हाडीसाठी चिवट काळा दगड, आणि बारीक धारेसाठी पोकळीतील गार, हा विवेक त्यांना कोणा शास्त्रज्ञाने शिकवला नव्हता. शिंपल्याच्या वळणाने फुटण्याचा जो गुण मी वर सांगितला, तोच त्यांच्या तंत्राचा आधार होता. ठराविक जागी ठराविक दाब दिला की ठराविक आकाराचे पाते सुटते, हे ज्या दगडात घडते तोच त्यांनी उचलला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात तर या पोकळीतल्या दगडाने समुद्रपर्यटन केले. एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे जे वर्णन ‘पेरिप्लस’ या नावाने मागे ठेवले आहे, त्यात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठणहून अकीकासारखे पाषाण विपुल प्रमाणात गाड्यांतून, दुर्गम प्रदेश ओलांडून, भडोचच्या बंदरात येत असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात भडोचच्या मुलुखावर अंमल असलेल्या ज्या राजाचे नाव येते, तो नहपान असावा असे बहुतेक इतिहासकार मानतात. आणि नहपानाचा जावई उषवदात याचे लेख पांडवलेण्याच्या दहाव्या लेण्यात कोरलेले आहेत. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींपाशी भिक्षूंच्या चीवरांसाठी व इतर निर्वाहासाठी तीन हजार कार्षापण व्याजाने ठेव म्हणून गुंतवल्याची सनद त्यांत आहे. ज्या काळात येथे रोकड ठेवण्याइतकी व व्याज देण्याइतकी सुस्थिर बाजारपेठ होती, त्याच काळात दख्खनच्या पोकळ्यांतील रंगीत गारा रोमन श्रीमंतांच्या अंगठ्यांत जाऊन बसत होत्या. लेणी ज्या पाषाणात कोरली आणि अंगठ्यांतील खडे ज्या पाषाणातून निघाले, ते पाषाण एकाच कुळाचे.

अकीकाचा रंग खुलवण्याची युक्ती खंबायतच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. करडा-तपकिरी दगड उन्हात वाळवून मडक्यांत मंद आचेवर भाजला की त्यातील लोहाची संयुगे पाणी सोडून तांबडी होतात, आणि बाजारातला लालबुंद मणी तयार होतो. या सुंदर धंद्याची दुसरी बाजू तितकीच कुरूप आहे. अकीक घासताना उडणारी धूळ जवळजवळ शुद्ध सिलिकेची असते. ती फुप्फुसात उतरली की तेथून निघत नाही, आणि सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. खंबायतच्या मणिकारांत या रोगाने घातलेला धुमाकूळ वैद्यकांनी नोंदवून ठेवला आहे. हे खंबायतपुरते राहिले असते तरी ते पुरेसे लाजिरवाणे होते. परंतु अलीकडे नव्या इमारतींतून ‘क्वार्ट्झचा ओटा’ म्हणून जो पदार्थ मिरवला जातो, तो दळलेल्या गारगोटीत राळ मिसळून बनवलेला कृत्रिम दगड असतो, आणि तो जागेवर कोरडा कापला जाताना तरुण कारागीर तीच धूळ नाकातोंडात घेतात. ऑस्ट्रेलियाने या कृत्रिम दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली. आपल्याकडे बंदी येईल तेव्हा येवो. कापणाऱ्याने पाण्याची धार सोडून कापावे आणि योग्य मुखपट्टी वापरावी, एवढा आग्रह घरमालकाला आजही धरता येईल. ओट्याच्या तकतकीत चेहऱ्यासाठी कोणाचे फुप्फुस गहाण पडावे, हे मला कदापि मान्य नाही.

काच ही गारगोटीचीच वितळलेली अवस्था. निव्वळ सिलिका वितळवण्यास सतराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून तीत सोडा घालून द्रवणांक उतरवतात आणि चुना घालून ती पाण्यात टिकेल अशी करतात. महाराष्ट्राने हा उद्योग स्वदेशीच्या भावनेने हाती घेतला: अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा गोळा करून जमवलेल्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना निघाला, आणि १९१६ साली सुरू झालेल्या ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याच्या प्रभाकर कंदिलाने वीज पोहोचण्यापूर्वी खेड्यापाड्यांतील रात्री उजळल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे परिसरात निघणारी सिलिका वाळू काचेसाठी आणि ओतकामाच्या साच्यांसाठी जाते. नाशिकच्या नद्यांची वाळू या कामाची नव्हे. ती काळ्या दगडाची लेक असल्यामुळे तीत लोह भरपूर, सिलिका त्या मानाने तोकडी.

गारगोटीचा सर्वांत विलक्षण गुण मात्र हजारो वर्षे कोणाच्या ध्यानी आला नाही. १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी दाखवून दिले की, स्फटिकाची चकती योग्य दिशेने कापून दाबली असता तिच्या समोरासमोरच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार प्रकट होतो. याउलट, तिला विद्युत्‌दाब दिला तर ती किंचित आकुंचन-प्रसरण पावते. या दाबविद्युतेचे मूळ गारगोटीच्या अणुरचनेतच आहे. तिचे चतुष्फलक मळसूत्राप्रमाणे पिळत वर चढतात, डाव्या किंवा उजव्या वळणाने, आणि त्यामुळे रचनेला सममितीचे केंद्र राहत नाही. दाबल्याबरोबर धन व ऋण भार एकमेकांपासून जरा सरकतात. १९२७ साली वॉरन मॅरिसन यांनी बेल प्रयोगशाळेत या कंपनांवर चालणारे पहिले घड्याळ सिद्ध केले, आणि १९६९ सालच्या नाताळच्या दिवशी जपानच्या सायको कंपनीने तेच तंत्र मनगटावर आणले. आज हातातल्या घड्याळात गारगोटीचा चिमटीएवढा द्विशूळ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा स्वैर निवडलेला नाही. त्याला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर १ उरतो, आणि घड्याळातील मंडल तेवढेच करून सेकंदकाटा पुढे ढकलते. स्वयंपाकघरात शेगडी पेटवण्यासाठी आपण जो लायटर टचकन दाबतो, त्यातही दाबविद्युतच असते, पण गारगोटी नसते. तेथे शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या संयुगाची कृत्रिम मृत्तिका वापरतात, कारण ती अधिक जोराची ठिणगी देते.

गारगोटीच्या या अंतर्गत हालचालींचा एक प्रसिद्ध अभ्यास आपल्याच देशात झाला. ५७३ अंश सेल्सियस तापमानाला गारगोटीची रचना एकाएकी पालटते. ती उष्णतेत फुगता फुगता त्या बिंदूपाशी झटकन फुगते, म्हणून आगीत पडलेली गार तडकून उडते. चंद्रशेखर व्यंकट रामन आणि त्यांचे सहकारी नेडुंगडी यांनी १९४० साली तापत्या गारगोटीतून विखुरलेल्या प्रकाशाचे वर्णपट घेऊन दाखवले की, या पालटाच्या समीप जाताना स्फटिकातील एक कंपन मंदावत जाते. पुढे कित्येक वर्षांनी या प्रकारच्या कंपनांना घनपदार्थांच्या भौतिकीत मोठे महत्त्व आले.

घड्याळांना आणि रेडिओयंत्रांना लागणारा स्फटिक आता खाणीतून क्वचितच येतो. पोलादाच्या जाड पात्रात गारगोटीचा चुरा, अल्कधर्मी पाणी आणि वर टांगलेली बीजरूप चकती ठेवून, साडेतीनशे अंशांच्या आसपासची उष्णता आणि हजार वातावरणांहून अधिक दाब देऊन तो काही आठवड्यांत वाढवतात. ट्युरिनच्या जॉर्जिओ स्पेझिया यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या मार्गाचा पाया घातला. तळाशी विरघळायचे आणि वर जाऊन साचायचे, हा व्यवहार अगदी पांडवलेण्याच्या पोकळीतला आहे. निसर्गाला घाई नव्हती म्हणून त्याने तो कमी उष्णतेत आणि फुरसतीने केला, इतकाच काय तो फरक.

शेवटी आमच्या भागातील बांधकाम करणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. कॅल्सेडनीने भरलेल्या मांजऱ्या दगडाची खडी काँक्रीटमध्ये पडली, तर सिमेंटातील क्षारांशी तिची सावकाश प्रक्रिया होऊन पाणी शोषणारा, फुगणारा चिकट पदार्थ तयार होतो आणि काही वर्षांनंतर काँक्रीटला जाळीदार भेगा पडतात. मोठी स्फटिकयुक्त गारगोटी सहसा हे करत नाही. सूक्ष्मतंतू कॅल्सेडनी करते. खडीचा मक्ता देण्यापूर्वी तिची परीक्षा करण्याची तजवीज मोठ्या धरणांच्या व पुलांच्या कामांत असते. चार मजली इमारतीच्या कामात ती कोणी मनावर घेत नाही, आणि घ्यावी असे माझे मत आहे.

खाणीत सुरुंग उडतो, पोकळी उघडी पडते, आणि संध्याकाळपर्यंत तिची खडी होऊन ती मालमोटारीत चढते. परदेशी संग्रहांतील जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर ‘पूना’ किंवा ‘नासिक’ एवढेच लिहिलेले आढळते. कोणती खाण, कोणता थर, सोबत कोणते खनिज, याचा पत्ता नसल्यामुळे देखणे असूनही ते अभ्यासाला अर्धेच उपयोगी पडतात. म्हणून वाचकांना एक विनंती. लेण्यांची टेकडी संरक्षित आहे, तेथून काहीही उचलू नये. परंतु घराच्या पायात, बोअरच्या राडारोड्यात किंवा रस्त्यासाठी टाकलेल्या मुरमात एखादी सुघड गारगोटी सापडली, तर तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून जागेचे नाव, खोली आणि तारीख शाईने लिहून ठेवावी, आणि तिला चिकटलेला काळा दगड फोडून टाकू नये.